पंधरात तीन, उत्तर सतरा

पत्र थोडक्यात: मुलगा सात वर्षांचा, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत. वर्गात सध्या ‘स्किप काउंटिंग’, म्हणजे टप्प्याटप्प्याने मोजणं, चालू आहे. दोन, पाच आणि दहाचे टप्पे तो धडाधड म्हणतो. तीनचेही म्हणतो, ‘थ्री, सिक्स, नाइन’ करत थेट तीसपर्यंत. पण आईने भाजी निवडता निवडता विचारलं, ‘पंधरात तीन मिळवले की किती?’ तर तो बोटं उघडत बसला आणि उत्तर दिलं सतरा. वर्कशीटवर १३ पासून दोन-दोनने पुढे जायचं होतं, तिथे त्याने पेन्सिलच खाली ठेवली. घरी सासूबाई रोज दिवेलागणीला त्याच्याकडून मराठीत पाढे म्हणवून घेतात; त्यांच्या मते बे ते दहा पाठ झाले की बाकीचं आपोआप येतं. नवऱ्याचं म्हणणं, अबॅकसच्या क्लासला घालू. आईचे प्रश्न असे: आधी पाढे की आधी टप्पे? दोन भाषांत गोंधळ होत असेल तर सासूबाईंचे पाढे थांबवावेत का? बोटं मोजायची सवय कशी मोडायची? आणि शेवटी एक ओळ: ‘मी स्वतः गणितात कच्ची होते, माझंच त्याच्यात आलं असेल का?’

ताई,

आधी त्या ‘सतरा’कडे बघू. तुम्ही ते चूक म्हणून लिहिलंय, मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात कामाचं वाटलं. तो वीस म्हणाला असता, बारा म्हणाला असता, तर ठोकून दिलं म्हणता आलं असतं. सतरा असं ठोकून येत नाही. त्याने पहिलं बोट उघडलं आणि ‘पंधरा’ म्हणाला, दुसऱ्याला ‘सोळा’, तिसऱ्याला ‘सतरा’. तीन बोटं झाली, काम संपलं. पुढे मोजायचं हे त्याला कळलंय, किती वेळा मोजायचं हेही कळलंय. फक्त जिथे उभा आहे ती जागाच त्याने पहिलं पाऊल म्हणून धरली. खात्री करायची असेल तर सहज ‘आठात चार?’ विचारा. अकरा आलं तर हेच.

याला औषध जिना. तुमच्या बिल्डिंगचा चालेल, देवळाच्या पायऱ्याही चालतील. त्याला एका पायरीवर उभं करा आणि सांगा, ही पंधरावी. आता तीन पायऱ्या चढ. ‘एक’ कधी म्हणायचं? पाय सोळाव्या पायरीवर पडल्यावर. माझ्या वर्गातल्या मुलांना मी सांगायचे, उभं राहिल्याचे पैसे मिळत नाहीत, चढल्याचे मिळतात. दोन-चार दिवस येता-जाता हे केलं की बोटांवरही सुधारतं, कारण आता पहिलं बोट ‘सोळा’ म्हणतच उघडतं. उजळणीची वही लागत नाही, रागवावं लागत नाही.

आता खरी मेख. तीस सेकंदांपूर्वी जो मुलगा ‘नाइन, ट्वेल्व्ह, फिफ्टीन, एटीन’ म्हणून मोकळा झाला, त्याला पंधरात तीन विचारल्यावर अठरा का आठवलं नाही? आठवायला हवं होतं हे तुमचं गृहीतक आहे, आणि बहुतेक पालकांचं असतं. त्याच्या लेखी ते गाणं आहे. पुणे-लोणावळा लोकलने रोज जाणारं पोर शिवाजीनगर, खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड असं एका दमात म्हणून दाखवतं; त्यावरून दोन स्टेशनांमध्ये किती अंतर आहे हे त्याला माहीत असतंच असं नाही. तीन आणि सहाच्या मध्ये ‘तीन’ आहे, सहा आणि नऊच्या मध्येही तितकंच ‘तीन’ आहे, हे त्याला कोणी दाखवलेलंच नाही. १३ पाशी त्याने पेन्सिल ठेवली तेही त्यामुळेच. दोनचं गाणं दोनपासून सुरू होतं, त्यात तेरा कुठेच येत नाही.

मी इथे शाळेला नावं ठेवत नाहीये. मी स्वतः पहिली-दुसरीच्या वर्गांवर बरीच वर्षं काढली आणि त्यातली सुरुवातीची काही वर्षं हेच केलं. साठ पोरांच्या कोरसमध्ये ‘तीन एके तीन’ इतकं दणदणीत वाजायचं की शेजारच्या वर्गातल्या बाई दार लावून घ्यायच्या. मला कोण अभिमान! एकदा एका हुशार मुलीला मधूनच विचारलं, ‘तीन साते?’ तिने डोळे मिटले, ओठ हलायला लागले, ‘तीन एके तीन, तीन दुणे सहा...’ आणि सातव्या घराला येऊन म्हणाली, ‘एकवीस.’ उत्तर बरोबर होतं. पण मी वरमले. तिला एकवीस माहीत नव्हतं, एकवीसपर्यंत जायचा रस्ता तेवढा पाठ होता.

म्हणून तुमचा ‘आधी पाढे की आधी टप्पे’ हा प्रश्न मी जरा बाजूला सारते. दोन्हीच्या आधी बेरीज. टप्पा म्हणजे तीच बेरीज पुन्हा पुन्हा, आणि पाढा म्हणजे त्या टप्प्यांना क्रमाने दिलेली नावं. मुळात मिळवणं दिसत नसेल तर वरच्या दोन्ही गोष्टी तोंडी राहतात.

ते दिसावं कसं? सोपं साधन सांगते. शंभर मणी घ्या, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी माळ ओवा. बऱ्याच मराठी शाळांत अशी मण्यांची माळ भिंतीवर असते. घरी केलीत तर मुलालाच ओवायला लावा, निम्मं गणित ओवतानाच होतं. मग कपडे वाळत घालायचे चिमटे द्या. तीन मणी सरकवले की चिमटा, आणखी तीन की चिमटा. प्रत्येक चिमट्यापाशी विचारायचं, ‘आत्तापर्यंत किती?’ आणि लगेच, ‘आणखी तीन घेतले की कुठे पोहोचशील?’ या दुसऱ्या प्रश्नावर घाई करू नका. तो आधी अंदाज सांगेल, मग मोजून बघेल. अंदाज चुकला तर चुकू द्या. चिमटा मण्यावर बसत नाही, दोन मण्यांच्या फटीत बसतो, त्यामुळे जिन्याचा धडाही इथे आपोआप गिरवला जातो.

इथे तुम्हाला एक गोष्ट दिसेल, तिच्याकडे नीट लक्ष द्या. तीनने जाताना तो सगळीकडे अडखळणार नाही. बारावरून पंधरा, पंधरावरून अठरा सहज जाईल. अडेल तो नवावरून बारा आणि अठरावरून एकवीस करताना. तिथे रंग बदलतो. दहा ओलांडायचे असतात. टप्प्यांनी मोजणं जिथे कुठे मोडतं ते जवळजवळ दरवेळी या उंबरठ्यावर. अठरात तीन मिळवताना मोठी माणसं काय करतात? अठराला दोन देऊन वीस पुरे करतात, उरला एक, एकवीस. आपण इतकं पटकन करतो की आपल्यालाच कळत नाही. माळेवर हे दिसतं: तीन मण्यांतले दोन लाल-पांढऱ्याच्या अलीकडे, एक पलीकडे. ही फोड मुलाने स्वतःच्या तोंडाने म्हणावी, ‘दोन देऊन वीस, एक उरला, एकवीस.’ सातच्या टप्प्याला अठ्ठावीसपाशी पोरं गळपटतात ना, तिथेही हेच. अठ्ठावीसला दोन दिले की तीस, सातातले पाच उरले, पस्तीस.

यासाठी दहाच्या जोड्या हातात बसलेल्या हव्यात. सात-तीन, सहा-चार, आठ-दोन. त्या नसतील तर महिनाभर टप्पे बाजूला ठेवून फक्त जोड्याच खेळा. मी सात बोटं दाखवली, तू किती मिटलेली आहेत ते सांग. बसथांब्यावर, दूध तापेपर्यंत, कुठेही.

आणि टप्पे शून्यापासूनच सुरू करायचे, हा हट्ट सोडा. सातपासून दहा-दहाने जा: सात, सतरा, सत्तावीस, सदतीस. तेरापासून दोन-दोनने. चारपासून पाच-पाचने: चार, नऊ, चौदा, एकोणीस, चोवीस. या शेवटच्यात चार आणि नऊ आलटून पालटून येतात हे त्याला स्वतःला सापडू द्या, तुम्ही सांगू नका. असा मधूनच सुरू केलेला टप्पा गाऊन दाखवता येत नाही, मिळवावाच लागतो. अधूनमधून उलटंही चाला, तीस, सत्तावीस, चोवीस. पुढे वजाबाकी आणि भागाकाराला हीच वाट लागते.

नाण्यांबद्दल एक सावधगिरी. ‘पैसे मोजायला द्या’ हा सल्ला सगळेच देतात, मीही देते, पण नंतर. पाचच्या नाण्यात पाच दिसत नाहीत. ती एकच वस्तू आहे, आणि तिच्यात पाच दडलेत हे मुलाने नुसतं मानायचं असतं. आधी प्रत्यक्ष पाच वस्तूंचा गट हाताळू द्या, मग नाणं.

गट म्हटला की मला कडबा आठवतो. ज्वारीच्या पट्ट्यात वाढलेल्या वाचकांना सांगायला नको, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा आणि वीस पाचुंद्यांचा शेकडा. आमच्याकडे गाडीत कडबा भरताना गडी पाचुंदा टाकला की हाळी द्यायचा आणि आम्हा पोरांपैकी कोणीतरी एक खडा बाजूला ठेवायचं. वीस खडे झाले की शंभर पेंढ्या. पेंढी मोजायची नाही, खडा मोजायचा. आत्ता कळतं, सात-आठ वर्षांचे असताना आम्ही दोन गोष्टी एकदम मोजत होतो: पाच-पाचच्या उड्या किती झाल्या आणि पोहोचलो कुठे. पाढ्यात तरी दुसरं काय असतं?

हेच तुमच्या स्वयंपाकघरात करता येईल. इडलीपात्राच्या एका ताटलीत चार इडल्या. ताटली काढली की चार, दुसरी काढली की आठ, तिसरी बारा, चौथी सोळा. तो इडल्या मोजतोय आणि तुम्ही ताटल्या. अंड्यांचा तीसचा ट्रे घरात येत असेल तर त्याहून बहार. एका बाजूने पाहिलं तर पाच-पाचच्या सहा रांगा, ट्रे फिरवला की सहा-सहाच्या पाच. पाचने जा नाहीतर सहाने, थांबायचं तीसवरच. पंचे आणि सक यांचं हे नातं मी फळ्यावर शंभरदा लिहून शिकवलं असेल, ट्रे फिरवण्याइतकं ते कधीच पटलं नाही.

कॅलेंडरही भिंतीवर आहेच. कुठलाही वार घ्या आणि त्याच्या तारखा वाचायला लावा. महिन्याचा पहिला मंगळवार तीन तारखेला असेल तर तीन, दहा, सतरा, चोवीस, एकतीस. सातचा टप्पा तोही तीनपासून, आणि गणपती किती मंगळवारांनी येणार हे मोजायला पोराला वर्कशीट लागत नाही.

आता बोटं. ती मोडू नका, कृपा करून. त्यांना काम बदलून द्या. आत्ता त्याचं एक बोट म्हणजे एक. यापुढे एक बोट म्हणजे एक उडी. ‘तीन’ म्हणून एक बोट उघडायचं, ‘सहा’ म्हणून दुसरं, ‘नऊ’ला तिसरं, ‘बारा’ला चौथं. तिथे थांबवा आणि सासूबाईंना म्हणा, आई, आता विचारा. त्या विचारतील, ‘तीन चोक?’ तो हाताकडे बघेल. चार बोटं उघडी आहेत आणि तोंडात बारा आहे. शाळेतलं ‘स्किप काउंटिंग’ आणि आजीचा पाढा एकच आहे, हे त्याला त्या क्षणी कळण्याची शक्यता आहे. मी हे अनेक पोरांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. काहींच्या नाहीही पाहिलं, आठ दिवसांनी पुन्हा केलं.

तेव्हा सासूबाईंचे पाढे थांबवू नका. पाठांतराला आजकाल उगाच शिव्या बसतात. ज्या काळात ते घोटून घ्यायचे त्या काळात त्याची कारणं होती. १९५७ साली दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे सोळा आणे होते आणि आण्याचे चार पैसे. बाजारात पाव, निम्मा, पाऊण, सव्वा, दीड यांवाचून पान हलायचं नाही, म्हणून या अपूर्णांकांचेही पाढे असायचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, अगदी साडेतीनची औटकीसुद्धा पाठ असायची. हिशेब गेला तशी औटकी गेली. साधे पाढे मात्र अजून रोज लागतात, आणि समजलेला पाढा पाठही असला तर पुढे मोठ्या गुणाकारात मुलाचं डोकं हातच्यासाठी मोकळं राहतं. सासूबाईंना एवढंच सांगा की रोज सगळे पाढे नकोत, एकच घ्या, आणि अधूनमधून मधलाच विचारा. ‘तीन पंचे पंधरा, मग तीन सक?’ असं विचारलं की त्याला पंधरात तीन मिळवावेच लागतात. तुमचा भाजी निवडतानाचा प्रश्न हाच तर होता.

दोन भाषांचा गोंधळ होतो का? थोडा होतो, खोटं कशाला सांगू. इंग्रजीत ‘ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणताना वीस आधी येतात, मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी. लिहिताना पोरं २५ चे ५२ करतात त्यामागे कधी कधी हेच असतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं, उलट्या क्रमाची आणि जोडाक्षरांची नावं लहान मुलांना जड जातात. विनोद पुष्कळ झाले, पण अडचण खरी होती. माझं मत विचाराल तर ‘पंचवीस’ टिकावं, आणि मूल अडलं की ‘वीस आणि पाच’ असं फोडून सांगण्यात काहीही कमीपणा मानू नये. शिवाय आपल्या नावांत कधी कधी आयतं गणितच दडलेलं असतं. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. नऊच्या टप्प्याला हे फार कामाला येतं, दहा पुढे जायचं आणि एक मागे यायचं. नऊ, मग एकोणीसऐवजी अठरा, मग अठ्ठावीसऐवजी सत्तावीस. एका वेळी एकच भाषा ठेवा म्हणजे झालं. वर्कशीट करताना इंग्रजी, आजीजवळ मराठी. एकाच वाक्यात ‘थ्री चोक बारा’ नको.

क्रमही विचाराल म्हणून सांगते. दहा, मग पाच, मग दोन. हे त्याला येतातच, फक्त मधूनच सुरू करायला शिकवा. मग तीन. चार म्हणजे दोनच्या दोन उड्या, आठ म्हणजे चारच्या दोन. सहा आणि सात सगळ्यात शेवटी, त्यांची घाई अजिबात नाही. दुसरीत सातचा पाढा अडला म्हणून कोणाचं आयुष्य अडलेलं मी पाहिलेलं नाही. दिवसाला दहा मिनिटं पुरे, आणि तीही पाटी-पुस्तक न काढता.

अबॅकसबद्दल तुमच्या यजमानांशी वाद घालू नका, पण तूर्त पैसे भरू नका. तिथे मण्यांवर वेगाने हिशेब करायची एक पद्धत शिकवतात, काहींना ती आवडतेही. तुमच्या मुलाला आत्ता वेगाची गरज नाही, पंधरावरून निघून अठराला का पोहोचतो हे कळायची आहे. चौथीत त्याला स्वतःला वाटलं तर घाला.

आणि तुमच्यासारखा तो कच्चा निघेल का, याबद्दल. ‘कच्ची’ हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं? बहुधा कोणीतरी मधूनच ‘सात आठे?’ विचारलं, तुम्हाला सात एके सातपासून यावं लागलं आणि तेवढ्यात वर्ग हसला. असं झालं असेल तर त्यात तुमचा दोष नव्हता, आणि मुलाला वारसाने द्यायलाही काही नाही. त्याच्यासमोर मात्र ‘मला पण गणित यायचं नाही रे’ हे वाक्य नको. ते सांत्वन म्हणून आपण म्हणतो आणि पोरं ते परवानगी म्हणून ऐकतात. तिसरी संपत आली तरी पाच-सात वस्तूंतल्या कमी-जास्तमध्ये अडत असेल, दहाच्या जोड्या महिनोन् महिने खेळूनही टिकत नसतील, तर बाईंशी बोला, गरज पडली तर विशेष शिक्षकांना दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही मला दिसत नाही. ‘सतरा’ म्हणणाऱ्या मुलात तर नाहीच.

रविवारी इडल्या करा. ताटल्या काढताना त्याला जवळ घ्या, वाफेपासून जरा लांब. चौथी ताटली निघाली आणि तो ‘सोळा’ म्हणाला की शाबासकी नंतर द्या, आधी विचारा, ‘अजून एक ताटली असती तर?’ आणि गप्प राहा. तो सोळाला चार देऊन वीस पुरे करतो, की बोटं उघडतो, आणि पहिलं बोट उघडताना ‘सोळा’ म्हणतो की ‘सतरा’, तेवढं मला पुढच्या पत्रात कळवा.